बारा वेळा आठ मीटर

१७ मार्च, मंगळवार. सस्काटून

आधी चूक दुरुस्त करते. १२ तारखेला या वहीत लिहिलं आहे की नदीवरचं स्टेशन ७ बंद करायचं ग्रेगने ठरवलं, माझा त्यात काही हात नाही. हे खरं नाही. बंद करायच्या स्टेशनांची यादी माझ्या साहेबाने, ग्रेगने केली, पण यादीला आधार माझ्या अहवालातल्या एका वाक्याचा आहे. पान ३१. 'पुराच्या चार दिवसांत सलग बारा वेळा ८.०० हाच आकडा नोंदलेला दिसतो. वाचक जागेवर न जाता नोंदी भरत असावा.'

मूळ इंग्रजी वाक्यात मी 'असावा' अशा अर्थाचा शब्द घातला होता. मीटिंगमध्ये ग्रेगने मोठ्याने वाचताना ते गळलं. मी बोलले नाही. ओटावाहून आलेल्या बाई, ज्यांच्या खात्यातून हा प्रकल्प चालतो, कागदावरून मान वर करून म्हणाल्या, 'गुड कॅच.' मला आनंद झाला. तोसुद्धा १२ तारखेला लिहिलेला नाही.

आणखी एक. वाचक पुरुष नाही, बाई आहे. वाचकांच्या यादीत नावाचं फक्त पहिलं अक्षर होतं आणि मी पुरुष धरून चालले. नाव धनमाया.

१८ मार्च, बुधवार

नीट मांडून बघते. मांडलं की कुठे घसरले ते दिसतं, अशी आईची शिकवण.

नेपाळमध्ये एका नदीवर अकरा ठिकाणी सिमेंटचे खांब आहेत. खांबांवर मीटर-सेंटिमीटरच्या पट्ट्या. प्रत्येक खांबाजवळच्या गावातलं एक माणूस सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता पाणी कुठवर आलं ते बघून वहीत लिहितं. पाणी भराभर चढलं तर खालच्या गावाला फोन करतं, ते त्याच्या खालच्याला, असं करत निरोप सीमा ओलांडून बिहारातल्या गावांपर्यंत जातो. काठमांडूत वह्या स्कॅन होतात, आकडे टाइप होतात. इथे आम्ही तपासतो. पुढच्या टप्प्यात अकराची आठ स्टेशनं करायची आहेत. जी कमी भरवशाची ती बंद. पहिलं नाव स्टे.७. शेवटची बैठक १६ एप्रिलला.

मला घेतलं कारण मला देवनागरी वाचता येतं. मुलाखतीत ग्रेगने विचारलं होतं, कुठल्या शाळेत शिकलीस? म्हटलं, स्वयंपाकघरात. त्याला विनोद वाटला. सातवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबा पोटॅशच्या खाणीत इंजिनियर, गाव लहान, माझा दमा, लांबलचक हिवाळे. आईने ओट्याशेजारच्या टेबलावर सगळं शिकवलं, मराठीतून गणितसुद्धा.

ऑफिसहून चालत आले. नदी काठाला गोठलेली, मधून काळं पाणी वाहतंय. पुलावर थांबले. आत काय वेगाने जात असेल ते वरून कळतच नाही. बराच वेळ उभी होते, बोटं बधिर झाली.

२१ मार्च, शनिवार. आईकडे

पाडवा गुरुवारीच झाला, पण आईने गुढी माझ्यासाठी उतरवलीच नव्हती. बैठकीच्या खिडकीत, आतल्या बाजूने. बाहेर लावली तर वारा अल्बर्टात नेऊन टाकेल म्हणते.

बाबांचा पहिला प्रश्न: 'विंटर टायर काढले नाहीस ना?' नाही. 'काढू नकोस. अजून एकदा तरी बर्फ पडणार.'

स्वयंपाक चालू असताना आईला बारा वेळा आठची गोष्ट सांगितली. माझं वाक्य ऐकून 'शाब्बास' म्हणेल असं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते. ती पोळी लाटत होती, हात थांबवला नाही.

'म्हणजे बाई गेलीच नाही असं तुझं म्हणणं?'
'पुरात पाणी बारा वेळा एकाच जागी कसं राहील, आई?'
'आणि तू नव्हतीस का लिहीत? उणे चाळीस, उणे चाळीस, उणे चाळीस.'

मला आठवेना. बाबा हसायला लागले. तळघरातून खोका वर आणला आईनेच. माझी हवामानाची वही, वय वर्षं नऊ. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर होता, रोज सकाळी वाचून लिहायचं असा अभ्यास. जानेवारीचं पान. सलग सहा दिवस: उणे ४०. उणे ४०. कारण थर्मामीटर तिथेच संपत होता. लाल रेघ खालच्या गोळीत जाऊन बसायची आणि त्याच्या खाली आकडाच नव्हता.

शेजारी माझ्या वाकड्या अक्षरात: 'याहून खाली.' 'बाबांची गाडी सुरू झाली नाही.' 'गरम पाणी बाहेर फेकलं ते खाली पडलंच नाही.'

'मीच सांगितलं होतं,' आई म्हणाली, 'दिसलं तेवढंच लिही, आणि जे दिसलं नाही त्याबद्दल शेजारी काहीतरी खूण लिही.'

मग ती भाजीला फोडणी द्यायला वळली. खांबावरची पट्टीही तशीच आठला संपत असेल तर?

२३ मार्च, सोमवार

सकाळी साडेसातला ऑफिसात. मूळ स्कॅन उघडला. तो माझ्याकडे पहिल्यापासून होता.

वहीच्या पानाला पाच रकाने. तारीख, वेळ, आकडा, सही, आणि शेवटचा 'कैफियत'. म्हणजे आपला शेरा. अहवालात मी या पानाचं चित्र टाकलं आहे. पानावर बसेना म्हणून उजवी बाजू कापली. मीच. शेवटचा रकाना कुणाला वाचता येणार, असं मनात आलेलं आठवतंय. त्या इमारतीत तो वाचता येणारी एकटी मी.

छापलेल्या चित्राच्या कडेला एका अक्षराचा अर्धा गोलवा राहिला आहे. दोन महिने तो मला दिसत होता.

त्या बारा ओळी:

पहिल्या आठसमोर: 'खम्बा डुब्यो.' खांब बुडाला. मग 'सिँढी १३ बाँकी.' पायऱ्या तेरा उरल्या. मग ११. दुसऱ्या दिवशी ८, ५, ३. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ३, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात दगड वाहत असल्याचा आवाज येतो असं काहीतरी. मग ४, ६. चौथ्या दिवशी ९, १२. शेवटी: पायऱ्या सगळ्या उघड्या, खांब अजून पाण्यात.

पुढच्या ओळीत आकडा ७.६२. कैफियत कोरी.

ती बाराही वेळा गेली होती. पट्टी आठवर संपत होती, म्हणून तिने आठ लिहिलं, आणि न दिसलेला एक सेंटिमीटरही वर लिहिला नाही. पट्टीच्या वर नदी किती मोठी झाली ते तिने पायऱ्यांनी लिहून ठेवलं. मी म्हटलं ती घरी बसली.

वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन पान पुन्हा बघितलं. भीतीही वाटली आणि दुसरं काहीतरीही, त्याला मराठीत काय म्हणतात ते शोधत होते. देवळात गाभाऱ्यासमोर बोलणं आपोआप बंद होतं, तसं.

२४ मार्च, मंगळवार

एक शंका राहते. आमच्या कागदपत्रांत खांब दहा मीटरचा आहे. मग पट्टी आठवर का संपते? काठमांडूतल्या सरिताजींना, ज्या तिथून सगळ्या वाचकांशी बोलतात, लिहिलं. पायऱ्या कुठल्या तेही विचारलं. आपल्या पावणेबारा तास पुढे आहेत त्या. उत्तर उद्या.

अहवालातल्या वाक्याबद्दल लिहिलं नाही. पुसलं, लिहिलं, पुसलं.

२५ मार्च, बुधवार

सरिताजींचा फोन आला. हिंदीत बोलतो आम्ही दोघी, माझी हिंदी ऐकून त्या गालात हसतात.

'अरे, ऊपर का दो मीटर तो कब का बह गया! धनमाया दिदी ने हर महीने लिखा है, पट्टी नहीं है, पट्टी भेजो. कैफियत में.'
मी: 'हमारे पास आया नहीं.'
'आता कैसे? आपकी एक्सेल में कैफियत का खाना ही नहीं है.'

एक्सेल आमच्याच ऑफिसने करून दिलेली. मी लागण्याआधी. पण मी ती दीड वर्ष वापरते आहे.

पायऱ्या शाळेच्या. शाळा टेकाडावर, खांबापासून हाकेच्या अंतरावर. एकूण चौदा.

मग मी सांगितलं, अहवालात काय लिहिलंय ते. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

'उनको मालूम है,' सरिताजी म्हणाल्या. 'स्टेशन बंद होने वाला है, और क्यों, दोनों. मैंने ही बताया. मुझे लगा कैनडा वालों ने जाँच के लिखा होगा.'

२७ मार्च, शुक्रवार

सरिताजींमार्फत विचारलं होतं की पायरीची उंची साधारण किती. 'साधारण' असं मी विचारलं. आज धनमायाचा आवाज आला, तीन मिनिटांचा. मागे कोंबड्या, कुणाचं तरी खोकणं. नेपाळी मला निम्मं कळतं, उरलेलं सरिताजींनी लिहून पाठवलं.

चौदा पायऱ्यांच्या चौदा उंच्या. एकही सारखी नाही. पाचवी फुटलेली आहे म्हणून दोन जागी मोजली, दोन्ही सांगते, तुम्हाला हवी ती घ्या. खांबाच्या डोक्यापासून पहिल्या पायरीच्या बुडापर्यंतचा चढ गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणून काढला, कारण जमीन तिरकी आहे आणि नुसत्या दोरीने खोटं मोजमाप येईल. एक टोक भावजयीने धरलं. नळीत बुडबुडा राहिला होता म्हणून सगळं पुन्हा केलं.

शेवटी एक वाक्य जरा चिडून. सरिताजींचं भाषांतर: 'अब भी आठ लगे तो आ के देख लें.'

मी ते पाच वेळा ऐकलं. नळीतला बुडबुडा काढणारी बाई, आणि मी तिच्याबद्दल काय लिहिलं.

२८ मार्च, शनिवार

हिशेब केला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पाणी साडेदहा मीटरच्या आसपास. एका पायरीची चूक धरली तरी दहाच्या वर. दहा मीटरची पट्टी शाबूत असती तरी बुडाली असती. आमच्याकडे त्या नदीच्या जितक्या नोंदी आहेत त्यांत एवढं पाणी कुठेही नाही. आणि आमच्या आलेखात तिथे सपाट रेघ आहे. नदी सगळ्यात मोठी झाली ते चार दिवस आमच्याकडे सगळ्यात शांत दिसतात.

पेन्सिलने आलेखावर खरी रेघ काढून पाहिली. कागदाच्या वर गेली. दुसरा कागद जोडावा लागला.

सरिताजी काल सहज बोलून गेल्या, की त्या पुरात खालची गावं वेळेत रिकामी झाली, सीमेपलीकडचीसुद्धा. कुणाच्या फोनवर? 'और किसके? खम्बा डूबा, तो दिदी ने सिर्फ आठ नहीं बोला ना. बोली, पानी सीढ़ी चढ़ रहा है, निकलो.'

जो आकडा मला वहीत दिसला नाही त्यावर माणसं जीव घेऊन निघाली होती.

३१ मार्च, मंगळवार

ग्रेगला सांगितलं. अर्धा तास मागितला होता, पन्नास मिनिटं लागली.

ग्रेग वाईट माणूस नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. त्याने सगळं नीट ऐकलं, दोन्ही कागद जोडून केलेला आलेख बघून 'माय गॉड' म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. तोही नद्यांचाच माणूस आहे. मिनिटभर आम्ही दोघं नुसते त्या रेघेकडे बघत होतो.

मग म्हणाला, वाक्य बदलूया. 'जागेवर न जाता' काढून टाकू, 'पुराच्या काळातली आकडेवारी उपलब्ध नाही' असं टाकू. वेबसाइटवर नवी प्रत चढवू. कुणाचं नाव खराब राहणार नाही.

'आणि स्टेशन?'
'स्टेशन बंदच राहील. आठच ठेवायची आहेत. स्टेशन सात ठेवलं तर स्टेशन चार जाईल. चार नंबरचा म्हातारा काय करेल, याचा विचार केलास?'

केला नव्हता.

मग म्हणाला, ओटावाच्या बाईंनी भर बैठकीत तुझं कौतुक केलंय. एक वाक्य चुकलं म्हटलं की त्या बाकीच्या दहाही स्टेशनांबद्दल विचारतील. एप्रिलअखेर तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मी ते वाढवायला लिहिलंय, तेही १६ एप्रिलच्याच बैठकीत. हे धमकी म्हणून नाही सांगत, असंही म्हणाला. खरंच धमकीसारखं वाटलं नाही. दमलेला वाटला.

मी 'विचार करते' म्हणून उठले. 'उपलब्ध नाही' हे तर आणखी खोटं आहे. उपलब्ध आहे. माझ्यासमोर आहे. हे त्याच्यासमोर बोलायला हवं होतं, जिन्यात सुचलं.

३ एप्रिल, गुड फ्रायडे. सुट्टी

रूबेनकाकांना फोन केला. टोरोंटोत नॉर्थ यॉर्कला राहतात, मूळचे अलिबागकडचे, मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातले. आयुष्यभर पाण्याच्या कामात. निवृत्तीनंतरही आमच्या प्रकल्पाचे सल्लागार आहेत, वर्षातून एकदा अहवाल वाचतात. पान ३१च्या समासात त्यांनीच 'बरोबर पकडलंस' लिहिलं होतं. त्यामुळे त्यांनाही सांगणं भाग होतं.

'बोल गो पोरी. आमचे सणाचे दिवस, पाव बंद आहे, नुसत्या कडक रोट्या चावतोय. दात पडायच्या आत बोल.'

सांगितलं सगळं. मग:

'अगो, म्हणजे मी पण गाढवच की.'
'तसं नाही, काका.'
'तसंच. पन्नास वर्षं नद्या बघितल्या आणि सपाट रेघ बघून पट्टी संपली असेल हे सुचू नये? तुझं वय काय, सव्वीस? तू एकपट गाढव, मी दुप्पट.'

हसू आलं आणि रडूही. मग ग्रेगचं म्हणणं सांगितलं, वेबसाइटवर नवी प्रत.

काका गंभीर झाले. म्हणाले, 'तू तिला खोटं ठरवलंस ते कुठे? संकेतस्थळावर?'
'नाही. मीटिंगमध्ये.'
'कुणासमोर?'
नावं सांगितली. सात जण.
'मग त्या सात जणांसमोरच खरं सांगायचं. पत्र नको, नवी प्रत नको. त्याच खोलीत, तोंडाने.'

मी म्हटलं, आणि स्टेशन चार? सात राहिलं तर चार जाईल.

'चारच्या वहीचा शेवटचा रकाना वाचलास का?'

नाही वाचला.

'मग आधी वाच. नि मग मला विचार.'

ठेवता ठेवता म्हणाले, समासातलं ते वाक्य माझ्या नावानिशी मागे घेतलं म्हणून सांग. लेखी हवं तर लेखी देतो.

५ एप्रिल, रविवार

स्टे.४. तीन वर्षांच्या वह्या, फक्त कैफियत.

सांगण्यापुरतं लिहिते. म्हाताऱ्याला, म्हणजे तिथल्या वाचकाला, गढूळपणाचा नाद आहे. पाणी कुठल्या रंगाचं ते रोज लिहितो. चहासारखं, राखेसारखं, धुतलेल्या तांदळासारखं. वरच्या कुठल्या ओढ्याला पूर आला ते तो रंगावरून ओळखतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. मी तीन ठिकाणी तारखा जुळवून पाहिल्या, तिन्ही जुळल्या. नेपाळी तारखा आपल्या तारखांत बदलताना एकदा चुकले, पुन्हा केलं.

मग स्टे.९ उघडलं. स्टे.२ उघडलं. सगळीकडे रकाना भरलेला आहे. मासे कुठे गेले, पूल हलला का, वाळू कुणी उपसली. अकरा माणसं कित्येक वर्षं दिवसातून तीनदा लिहीत आहेत आणि आमच्या ऑफिसात हा रकाना एकदाही कुणी वाचलेला नाही.

दुपार कशी सरली कळलं नाही. जेवायचं राहिलं. आईचा फोन आला तर म्हटलं, 'वाचतेय.' 'काय?' 'नदी.' ती म्हणाली, 'बरं. पण आधी जेव.'

८ एप्रिल, बुधवार

सकाळी बर्फ फुटला. पुलावर वीस-पंचवीस माणसं थांबलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मोठमोठ्या लाद्या एकमेकींवर चढत, दळत, वळणाकडे जात होत्या. आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. कुत्रा घेऊन आलेले एक आजोबा टोपी काढून उभे होते.

मला ते दगड आठवले, तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजताचे. इथे कठडा होता, खाली घट्ट पूल होता. ती पायरीवर उभी राहून वही कोरडी ठेवत होती.

ऑफिसला अकरा मिनिटं उशीर. टाइमशीटवर लिहिलं.

९ एप्रिल, गुरुवार

१६च्या बैठकीचं पत्रक आलं. दुसरा विषय: आठ स्टेशनांच्या यादीला मंजुरी. सहावा विषय: कॉन्ट्रॅक्ट वाढवणं, त्यात माझं नाव.

ग्रेगला जाऊन सांगितलं की मी दुसऱ्या विषयाच्या वेळी बोलणार आहे. स्टे.७ वाचवा असं नाही म्हणणार. माझं वाक्य खोटं होतं हे सांगणार, आणि अकराही वह्यांचा शेवटचा रकाना वाचून होईपर्यंत यादी थांबवा असं मागणार. आत्तापर्यंत चार वाचल्या आहेत.

त्याने पत्रकावरच्या सहाव्या विषयावर पेन टेकवलं. 'तुला माहीत आहे ना, ओटावाच्या बाई नाही म्हणू शकतात. यादीला नाही, तुला.'

माहीत आहे म्हटलं. आवाज बारीक निघाला.

'मी तुला अडवणार नाही,' तो म्हणाला. 'पण तुझ्या बाजूने बोलेन असंही आत्ता सांगत नाही.'

निदान खरं बोलला.

११ एप्रिल, शनिवार

सकाळभर एक प्रश्न. धनमायाचं पान सात लोकांना दाखवायचं तर तिला विचारायला नको? पहिल्यांदा दाखवलं तेव्हा विचारलं नव्हतं. सरिताजींना लिहिलं. माफीही लिहिली, चार ओळी. मोठी केली असती तर माझ्याबद्दलच झाली असती.

रात्री त्यांची सकाळ, उत्तर उद्यापर्यंत यावं. झोप नाही येणार.

१२ एप्रिल, रविवार

उत्तर आलं. सरिताजींनी फोनवर माफी वाचून दाखवली तेव्हा धनमाया दिदी नुकतीच सकाळी आठचं वाचन घेऊन आली होती. म्हणजे स्टेशन बंद होणार हे कळून महिना होत आला तरी ती जातेच आहे. मी विचारलं, का? सरिताजींनी तिला विचारलं होतं. तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, पानी तो आ ही रहा है.

माफीवर ती एवढंच म्हणाली: 'लड़की डरी हुई लगती है.' मग हसली म्हणे.

पान दाखवायला हरकत नाही. पण अट आहे. पूर्ण दाखवायचं, कापून नाही. आणि पट्टीचं सांगायचं, वरची दोन मीटर अजून आलेली नाही, पावसाळा दोन महिन्यांवर आहे. स्टेशन कुणाच्याही यादीत असो वा नसो, पट्टी पाठवा.

मला सुचलंच नसतं. मी माझ्या वाक्याचा विचार करत होते, ती पावसाळ्याचा.

आई-बाबांना सांगितलं. बाबा काळजीत, 'नोकरी गेली तर?' आई म्हणाली, 'येईल घरी, जेवायला घालू.' मग हळूच मला, 'बोलताना घाई करू नकोस. तू घाबरलीस की वाक्यांचे शेवट खातेस.'

मागण्या तीन, कागदावर एकाखाली एक: वाक्य मागे. यादी थांबवा. पट्टी आधी पाठवा. रूबेनकाकांचं पत्र आलं आहे, सोबत जोडते. पानाच्या सात प्रती काढल्या, पाचही रकाने पूर्ण, आडव्या कागदावर नीट बसतात. आडवा कागद तेव्हाही होता.

ओटावाच्या बाई काय म्हणतील ते माहीत नाही. ग्रेग बोलेल का, माहीत नाही. चार जाईल की सात, की दोन्ही. मी एप्रिलनंतर इथे असेन का. यांतलं काही आज ठरत नाही.

ठरलेलं एवढंच. गुरुवार, १६ एप्रिल, सकाळी साडेनऊ. पहिला विषय संपेल, ग्रेग पान उलटेल, आणि त्याने यादी वाचायला सुरुवात करायच्या आत मी हात वर करणार.